आगीचा बंब : खर्च कोणाचा आणि सोय कोणाची?

फाल्गुनापासून ज्येष्ठांतील पहिल्या पावसापर्यंतचा काळ हा आपल्याकडे आगीचा काळ होय. तोडणीस उशीर झालेला ऊंस उभ्यानें वाळत असतो, त्याचें पाचट कोरडें ठणठणीत झालेलें असतें, कडब्याच्या गंजी गोठ्याला लागून रचलेल्या असतात, आणि कोंकणांत आंबा-काजूच्या बागांभोंवतींचें गवत पिवळें पडून एका ठिणगीचीच काय ती उणीव असते. अशा दिवसांत कोठें विजेच्या तारा वाऱ्यानें एकमेकींवर घासून, कोठें बांध जाळतांना, कोठें विडीच्या थोटकानें आग लागते. तासाभरांत वर्षाची कमाई राख होते. चार दिवस गांवांत हळहळ होते. आणि पुढें पाऊस लागला कीं तो विषय मिटतो. आगी कां लागतात व त्या लागूं नयेत म्हणून काय करावें याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आज आम्ही ज्या प्रश्नाकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों तो निराळा आहे. आग विझविण्याच्या गाड्या आणि सामुग्री यांवर सार्वजनिक तिजोरींतून जो पैसा खर्च होतो तो कोणाच्या नांवें पडतो, कशावर पडतो, आणि त्यांतून शिवारांत राहणाऱ्या माणसाच्या वांट्यास काय येतें, हा तो प्रश्न होय.

आमचीं उमेदीचीं वर्षें महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलीं. आगीचे पंचनामे आमच्या हाताखालून पुष्कळ गेले. जळालेल्या वैरणीच्या पेंढ्या किती, गुरें किती, पत्रे किती, मोटारपंप व ठिबकच्या नळ्या किती, त्यांची अंदाजी किंमत काय, पंच कोण, हें सारें त्यांत तपशीलवार असे. पण बंब केव्हां बोलाविला, केव्हां निघाला, केव्हां पोहोंचला, आणि पोहोंचला तेव्हां विझविण्यासारखें कांहीं शिल्लक होतें काय, एवढ्या चार गोष्टी आमच्या पाहण्यांतील पंचनाम्यांत क्वचितच आढळत. जें कागदावर येत नाहीं त्याची तरतूद अंदाजपत्रकांत होत नाहीं, हा कचेरींतील जुना अनुभव आहे.

प्रथम कायदा पाहूं. राज्यघटनेची ७३ वी व ७४ वी दुरुस्ती संसदेनें १९९२ सालीं मंजूर केली व त्या १९९३ सालीं अमलांत आल्या. ७४ व्या दुरुस्तीनें घटनेस बारावी अनुसूची जोडली. तींत नगरपालिकांकडे सोंपवावयाचे १८ विषय आहेत आणि त्यांतील सातवा विषय अग्निशमन सेवा हा आहे. ७३ व्या दुरुस्तीनें जोडलेल्या अकराव्या अनुसूचींत पंचायतींचे २९ विषय आहेत. तींत शेती आहे, जमीनसुधारणा आहे, गुरें आहेत, मासळी आहे, रस्ते आहेत, वाचनालयें आहेत, बाजार व जत्रा आहेत. अग्निशमन मात्र नाहीं. शहराच्या वेशीच्या आंत लागलेली आग ही कोणाची तरी जबाबदारी आहे आणि वेशीबाहेरची आग ही दैवगति आहे, असा अर्थ एखाद्या खेडुतानें काढला तर त्यास चूक कसें म्हणावें?

आपल्या राज्यापुरतें पाहिलें तर पान अगदींच कोरें नाहीं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ याच्या पहिल्या अनुसूचींत, म्हणजे जिला ग्रामसूची म्हणतात तींत, आग विझविण्यास साहाय्य करणें आणि आगीच्या प्रसंगीं जीवित व मालमत्ता यांचें रक्षण करणें हें पंचायतीचें काम म्हणून सांगितलें आहे. पण ग्रामसूचींतील सर्व कामें ग्रामनिधि जेथवर पुरेल तेथवरच करावयाचीं आहेत. ग्रामनिधि कोठवर पुरतो हें आमच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको. दिवाबत्तीचें बिल, पाणीपुरवठ्याच्या मोटारीचें बिल, गटारें आणि शिपायाचा पगार इतकें होईतों तो संपतो. काम सांगितलें, पण त्याच्या मागून पैसा सांगितला नाहीं, अशी ही तरतूद आहे.

हें असेंच असलें पाहिजे असें मुळींच नाहीं. आपल्या शेजारीं गोव्यांत अग्निशमन सेवा ही राज्य सरकारच्या एका स्वतंत्र संचालनालयाकडे आहे. कर्नाटक, केरळ, तमिळनाडू, ओडिशा या राज्यांतही ती राज्य सरकारच्याच हातीं आहे. तेथें आग गांवाच्या हद्दींत कीं शहराच्या हद्दींत हा प्रश्न बंब निघतांना उद्भवण्याचें कारण पडत नाहीं. महाराष्ट्रांत मात्र महानगरपालिका, नगरपरिषदा व नगरपंचायती यांचे आपापले बंब, औद्योगिक वसाहतींपुरते महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे बंब, अशी वांटणी आहे. २००६ सालीं महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम झाला; कायदा चांगला आहे; पण त्याचा मुख्य रोख इमारतींवर आहे. ऊंसाच्या फडाला जिना नसतो आणि कडब्याच्या गंजीला संकटकाळीं बाहेर पडण्याचा दरवाजा नसतो, तेव्हां त्या कायद्यांत त्यांची सोय कोठून असावी!

आतां कोणी म्हणेल कीं, कायदा कांहीं असो, तालुक्याच्या गांवचा बंब खेड्यांत येतोच. येतो, हें खरें आहे, आणि त्या बंबावरील माणसांविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. परंतु तो कसा येतो हेंही पाहिलें पाहिजे. आमच्या नोकरींतील एक प्रसंग सांगतों; गांवाचें व शहराचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. दुपारीं एकच्या सुमारास दोन शेजारी खातेदारांच्या ऊंसाला आग लागली. शहर तेथून ३५ किलोमीटर. दूरध्वनि केला तेव्हां एक बंब दुसऱ्या कामगिरीवर गेलेला, आणि दुसऱ्याची बॅटरी उतरलेली. ढकलून सुरू करून तो निघाला. फांट्यावर येऊन वाट विचारीत थांबला. आणि शेवटीं पाटाच्या कडेच्या भुसभुशींत मातींत त्याचें मागचें चाक रुतलें. दीड तासानें पाण्याची पहिली धार पडली तेव्हां ऊंस जळून गेला होता. धुमसत होतें तें बांधावरचें गवत. बंबावरील माणसांनीं उपाशीपोटीं तीन तास तें विझविलें. पुढील महिन्यांत नगरपालिकेकडून हद्दीबाहेरील सेवेचें बिल ग्रामपंचायतीकडे आलें, आणि तें कोणत्या सदराखालीं खर्ची घालावें यावर दोन मासिक सभा झाल्या. अखेरीस तें किरकोळ खर्चांत पडलें.

यांत दोष कोणाचा? नगरपालिकेनें बिल पाठविलें हें आम्हांस गैर वाटत नाहीं. तिचा बंब तिच्या करदात्यांच्या पैशांतून चालतो, आणि तो चार तास हद्दीबाहेर गुंतला असतां शहरांत आग लागली तर जाब तिलाच द्यावा लागतो. गांवानें बिल कुरकुरत भरलें हेंही स्वाभाविक आहे, कारण शेतकरी जमीन-महसूल भरतो, त्यावरील स्थानिक उपकर भरतो, घरपट्टी भरतो, बाजारांतून आणलेल्या प्रत्येक वस्तूवर कर भरतो. आणि इतकें भरून त्याच्या शिवारासाठीं एकही बंब कोणाच्या दप्तरीं नोंदलेला नसतो.

बंबाच्या हिशेबांत अंतर आणि पाणी या दोन गोष्टी मुख्य आहेत, पैसा तिसरा. अंतराचें गणित सोपें आहे. देशांतील अग्निशमन सेवेसाठीं जें मान धरलें गेलें आहे त्याप्रमाणें शहरांत पहिला बंब ५ ते ७ मिनिटांत आणि ग्रामीण भागांत २० मिनिटांत पोहोंचावा. पाण्यानें भरलेली जड गाडी आपल्या रस्त्यांवरून ताशीं ४० किलोमीटर वेगानें धांवली, आणि हा वेग आम्ही उदारपणेंच धरीत आहों, तर २० मिनिटांत ती सुमारें १३ किलोमीटर जाईल. आपल्या तालुक्याच्या नकाशावर तालुक्याच्या गांवाभोंवतीं १३ किलोमीटरांचें वर्तुळ काढून पाहावें. रस्ता सरळ जात नसल्यानें तें वर्तुळ प्रत्यक्षांत आणखी आक्रसतें. त्याच्या बाहेर जितकीं गांवें राहतील तितकीं या सेवेच्या दृष्टीनें उघड्यावर आहेत असें समजावें.

पाण्याचें गणित याहून बोधप्रद आहे. आपल्याकडे जो साधा बंब सर्वत्र दिसतो त्याच्या टांकींत बहुधा ४५०० लिटर पाणी मावतें. एका नळींतून मिनिटाला ४५० लिटर सोडलें तर तें १० मिनिटांत संपतें. दोन नळ्या लावल्या तर पांच मिनिटांत. शेतकऱ्याच्या भाषेंत सांगावयाचें तर ४५०० लिटर पाणी एक एकरावर सारखें पसरलें असतां एका मिलिमीटरच्या किंचित वर पाऊस पडल्यासारखें होईल. एवढ्या शिंतोड्यानें पेटलेला फड विझत नाहीं हें सांगावयास तज्ज्ञ नको. म्हणजे बंब ही पाणी वाहून आणणारी गाडी असें समजणें ही मूळचीच गैरसमजूत होय. बंबाचें खरें सामर्थ्य त्याच्या पंपांत व नळ्यांत आहे, आणि तें जेथें पाणी जवळ मिळतें तेथेंच प्रकट होतें. विहीर सात-आठ मीटरांहून खोल गेलेली असली तर बंबाच्या शोषनळीस पाणी वर खेंचतां येत नाहीं. विहिरीवरची विजेची मोटार चालू करावी तर शेतीच्या वाहिनीवर त्या वेळीं वीज असेलच असें नाहीं. आणि आग तारेमुळें लागली असेल तर वीज प्रथम बंद करणेंच भाग असतें. अशा रीतीनें बांधावर विहीर असूनही ४५०० लिटर संपतांच बंब रिकामा होऊन मैलभर दूर पाणी शोधीत फिरतो, असे प्रकार आमच्या ऐकण्यांत वारंवार आले आहेत.

आतां पैशाकडे वळूं. सरकार या बाबीवर कांहींच खर्च करीत नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकारनें ४ जुलै २०२३ रोजीं राज्यांतील अग्निशमन सेवेचा विस्तार व आधुनिकीकरण करण्यासाठीं ५००० कोटी रुपयांची योजना सुरू केली. तिची मुदत २०२५-२६ पर्यंत ठेविली होती. राज्यांनीं आपला २५ टक्के हिस्सा घालावयाचा, ईशान्येकडील व हिमालयांतील राज्यांनीं १० टक्के. आणि ५०० कोटी रुपये सुधारणा करणाऱ्या राज्यांस उत्तेजन म्हणून राखून ठेविलेले. रकमा मोठ्या आहेत. पण असल्या योजनांतून जिल्ह्याच्या पातळीवर जें उतरतें तें बहुधा नव्या कोऱ्या लाल गाडीच्या रूपानें उतरतें. गाडीस हार घालतां येतो, नारळ फोडतां येतो, छायाचित्र निघतें. नळ्यांचे जोड, टायर, बॅटरी, डिझेल आणि चालकाचा पगार यांस हार घालण्याची चाल नाहीं.

पण खरा खर्च तेथेंच आहे. एका बंबावर चालक, नायक आणि चार विमोचक अशीं सहा माणसें धरूं. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या केल्या तर १८ माणसें झालीं. आठवड्याची सुटी दिलीच पाहिजे. ती धरतां २१ होतात. आजार व रजा यांचा विचार यांत अजून केलेलाच नाहीं. माणशीं दरमहा २५ हजार रुपये एवढेंच वेतन कल्पिलें तरी महिन्यास ५ लाख २५ हजार आणि वर्षास ६३ लाख रुपये होतात. बंब १५ वर्षें चालला तर केवळ वेतनाचे ९ कोटी ४५ लाख. साध्या बंबाची किंमत अजून लाखांच्या अंकांत मोजली जाते. म्हणजे खरेदीची रक्कम ही या जन्मखर्चाचा लहानसा अंश होय. जो कोणी तुमच्या तालुक्यास बंब मंजूर करून आणला म्हणून सांगेल त्यास हा प्रश्न नम्रपणें विचारावा, कीं गाडी आली हें उत्तम झालें, पण तिच्यावरचीं २१ माणसें कोणत्या लेखाशीर्षांतून पगार घेणार? उत्तर बहुधा हेंच मिळेल कीं सध्यां चालक कंत्राटावर आहे आणि बाकीचे सफाईकामगार गरजेप्रमाणें घेतले जातात.

१५ वर्षें हा आंकडाही आम्हीं उगाच धरला नाहीं. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी व स्थानिक संस्थांच्या मोटारींची नोंदणी पुढें चालू ठेवितां येत नाहीं असा केंद्राचा नियम झाला आहे. धूर ओकणाऱ्या जुन्या मोटारी रस्त्यावरून काढणें हा हेतु चांगला. परंतु लहान गांवचा बंब वर्षांतून थोडेच दिवस धांवतो. १५ वर्षांनीं त्याचें धांवणें एखाद्या एस. टी. गाडीच्या एका वर्षाच्या धांवण्याइतकेंही भरत नसेल. तो मोडींत निघाला कीं नवा घ्यावा लागणार, आणि नवा येईतों जागा रिकामी. नगरपालिकांनीं यासाठीं दरवर्षीं थोडी रक्कम बाजूस टाकून घसारा-निधि करावयास पाहिजे. खाजगी मळेवाला ट्रॅक्टरच्या बाबतींत जें करतो तेंच.

शहरांच्या खर्चाविषयीं आम्हांस मत्सर नाहीं, हें येथेंच सांगून टाकतों. मुंबईच्या दलाकडे ९० मीटर उंचीपर्यंत पोहोंचणारी शिडीची गाडी आहे. असल्या एका गाडीची किंमत कोटींत जाते. जेथें माणसें पंचविसाव्या मजल्यावर राहतात तेथें ती घ्यावीच लागते. शिवाय शहरांतील आगीशीं शेतकऱ्याचा संबंध नाहीं असेंही नाहीं. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या गोदींत फोर्ट स्टिकीन या जहाजाचा स्फोट झाला. त्या जहाजावर दारूगोळ्याबरोबरच कापसाच्या गांसड्या भरलेल्या होत्या, आणि आग प्रथम कापसालाच लागली होती. त्या दिवशीं अग्निशमन दलाचे ६६ लोक कामीं आले, आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा सप्ताह आजही देशभर पाळला जातो. ९ मे २०१५ रोजीं काळबादेवींतील गोकुळ निवास या इमारतीच्या आगींत त्याच दलाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनीं प्राण गमावले. अशा माणसांस उत्तम साधनें द्यावयास पैसा मोजतांना हात आंखडणें हें पाप होय. आमचें म्हणणें एवढेंच कीं एप्रिलचा तो सप्ताह नेमका आमच्या आगींच्या ऐन दिवसांत येतो, शहरांत त्या वेळीं बंबांच्या मिरवणुकी निघतात, आणि त्याच आठवड्यांत डोंगरउतारावरच्या कलमांच्या बागेंत वणवा शिरला तर मालक ओल्या टाहाळ्यानें तो बडवीत उभा असतो.

सरकारचा पैसा गांवांत येतच नाहीं असें नाहीं. तो जळून गेल्यावर येतो. आग ही सरकारी मदतीस पात्र अशा आपत्तींच्या यादींत आहे. २०२२-२३ ते २०२५-२६ या मुदतीसाठीं ठरलेल्या निकषांत सपाटीवरील पूर्ण नष्ट झालेल्या घरास १ लाख २० हजार, दुभत्या गाई-म्हशीस ३७ हजार ५०० आणि ओढकामाच्या बैलास ३२ हजार रुपये असे दर होते. बैलजोडी आज काय किंमतीस पडते हें बाजारांत जाऊन आलेल्या वाचकास ठाऊक आहे. पीकविम्यांत आगीचा समावेश आहे, पण ती नैसर्गिक कारणानें लागलेली असली पाहिजे. विडीच्या थोटकाची किंवा बांध जाळण्याची आग त्यांत बसत नाहीं. जळका ऊंस कारखाना नेतो, परंतु तो लौकर गेला नाहीं तर वजनही घटतें आणि साखरही, आणि दरांत कपात होते ती वेगळी. अशा रीतीनें जळाल्यानंतरच्या मदतीसाठीं सदर आहे, दर आहे, नमुना आहे. जळण्यापूर्वींच्या पांच-पन्नास हजारांच्या खर्चासाठीं सदर नाहीं.

मग काय करावें? प्रत्येक गांवास बंब द्यावा अशी मागणी कधीं कधीं सभांतून होते. ती आम्हांस मान्य नाहीं. राज्यांत सुमारें २८ हजार ग्रामपंचायती आहेत. प्रत्येकीस २१ माणसें दिलीं तर ५ लाख ८८ हजार माणसें लागतील. असली मागणी करणें म्हणजे नकाराची सोय करून ठेवणें होय. महसुली मंडळ ही आमच्या ओळखीची व मोजमापाची बाब आहे. दोन-तीन मंडळें मिळून एक लहान बंब, तोही अरुंद पाणंदींतून जाईल असा, आणि तो नगरपालिकेच्या नव्हे तर जिल्हा परिषदेच्या खर्चानें चालणारा, एवढें झालें तर बहुतेक गांवें वीस मिनिटांच्या आंत येतील असा आमचा अंदाज आहे. जेथें असा स्वतंत्र बंब शक्य नाहीं तेथें जिल्हा परिषदेनें जवळच्या नगरपालिकेशीं लेखी करार करून दरसाल ठराविक रक्कम द्यावी व गांवांस बिल पाठविण्याचा प्रकार बंद करावा. सहकारी साखर कारखान्यांपैकीं पुष्कळांकडे स्वतःचे बंब आहेत आणि ते सभासदांच्या शेतांवर धांवूनही जातात. त्यांस अशा करारांत सामील करून घेण्यास हरकत दिसत नाहीं.

वेतनाचा मोठा बोजा हलका करण्याचा मार्ग परदेशांतील शेतकरी समाजांनीं पूर्वींच काढला आहे. जर्मनींत लहान गांवांचे बंब त्याच गांवचे स्वयंसेवक चालवितात. लोहार, सुतार, शेतकरी आपापलें काम टाकून घंटा होतांच येतात. गाडी, तिचें घर, पोशाख आणि शिक्षण यांचा खर्च मात्र सार्वजनिक निधींतून होतो. दक्षिण ऑस्ट्रेलियांत गव्हाच्या कापणीच्या दिवसांत शेतकरी आपल्या उघड्या मोटारीवर पाण्याची टांकी व लहान पंप बसवून ती शेताच्या कडेस उभी ठेवितात, आणि शेजाऱ्याकडे धूर दिसतांच चहूंकडून अशा गाड्या निघतात. येथें कोणी हंसून म्हणेल कीं हें आमच्या गांवांत कसें व्हावयाचें? त्यास आमचें उत्तर असें कीं साधनें निम्मीं आधींच आपल्या गोठ्यांत आहेत. नाशिक व सांगलीकडील द्राक्षबागाईतदारांच्या ट्रॅक्टरमागें ६०० लिटरांचा फवारणीचा ब्लोअर असतो, गांवोगांव पाण्याचे टँकर आहेत, एस. टी. पी. पंप तर घरोघर आहेत. टँकरला एक इंजिनपंप, शंभर फूट नळी आणि पितळी तोटी जोडली कीं तो लहानसा बंबच होतो. ब्लोअर मात्र आधीं औषधांचा अंश राहूं नये असा धुऊन भरलेला ठेवावा, आणि आगीवर वाऱ्याच्या पाठीकडून व बाजूनें जावें. तिच्या तोंडासमोर ट्रॅक्टर नेण्याचें धाडस कोणीं करूं नये.

आमच्या मतें सर्वांत कमी खर्चाची व सर्वांत अधिक फळ देणारी बाब मात्र दुसरीच आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजीं जाहीर झालेल्या जलजीवन योजनेमुळें पुष्कळ गांवांत पाण्याच्या उंच टांक्या नव्यानें उभ्या राहिल्या. अशा टांकींत ५० हजार लिटर पाणी असलें तर तें अकरा बंबांच्या पाण्याइतकें झालें. पण त्या टांकीच्या पायथ्याशीं बंबाची नळी जोडण्याची तोटी नसते. बंबांच्या नळ्यांचा ठराविक जोड ६३ मिलिमीटरांचा असतो; त्या मापाची एक तोटी व तिच्यामागें एक मोठी चावी बसविली तर आलेला बंब पांच-दहा मिनिटांत भरून पुन्हां आगीवर जाऊं शकतो. टांकी उंचावर असल्यामुळें त्यास वीजही लागत नाहीं. पाटाच्या, शेततळ्याच्या आणि ओढ्यावरील बंधाऱ्याच्या कांठीं बंब पाण्यापर्यंत पोहोंचेल असा मुरुमाचा पक्का उतार करणें, हेंही असेंच स्वस्त काम आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या पांच वर्षांच्या अनुदानांत पंचायतींस ४० टक्के रक्कम बंधनाविना मिळत होती, आणि ६० टक्के पाणी व स्वच्छता यांसाठीं बांधलेली होती. त्या बंधनमुक्त रकमेंतून गांवोगांव कमानी उभ्या राहिल्या, बांकें आलीं, फरसबंदी झाली. एखाद्या कमानीच्या खर्चांत किती तोट्या बसल्या असत्या याचा हिशेब ज्यानें त्यानें आपल्या गांवापुरता करावा.

ही मागणी तोंडी करून कांहीं होत नाहीं. आमच्या संघाच्या सभासदांस आमची सूचना अशी कीं २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वीं, म्हणजे पुढील वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा तयार होण्याच्या वेळीं, चार-सहा जणांनीं बसून एक कागद करावा. जवळचा बंब कोठें आहे, अंतर किती, गेल्या तीन वर्षांत गांवांत आगी किती लागल्या व बंब किती वेळानें आला, गांवांत बारमाही पाणी कोठें कोठें आहे, आणि बंब कोणत्या पाणंदींतून जाऊं शकतो व कोठें अडतो, एवढें त्यांत असावें. तालुक्यांतील बंब कोणत्या सालचा आहे, त्यावर मंजूर माणसें किती व प्रत्यक्ष किती, आणि राज्यास मिळालेल्या निधींतून आपल्या जिल्ह्यास काय आलें, हें माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वयें विचारतां येतें; अर्जास दहा रुपये पडतात. त्या कागदाच्या आधारें तोटीचा व उताराचा ठराव ग्रामसूचीचा उल्लेख करून मांडावा, तो इतिवृत्तांत शब्दशः लिहून घ्यावा, आणि त्याची एक प्रत गट विकास अधिकाऱ्याकडे पोंच घेऊन द्यावी. बंबाच्या ठाण्याचा थेट दूरध्वनि क्रमांक शाळेच्या भिंतीवर आणि टांकीच्या खांबावर मोठ्या अक्षरांत रंगवून घेण्यास मात्र ठरावाची वाट पाहूं नये. आणि पुढच्या आगीचा पंचनामा होईल तेव्हां बंब बोलाविल्याची, निघाल्याची व पोहोंचल्याची वेळ त्यांत घालावयास तलाठ्यास सांगून, ती लिहिली आहे हें पाहिल्यावांचून पंचांनीं सही करूं नये.